उन्हाळी का लागते आणि ती कशी टाळावी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या एखाद्या विषयावर बोलावे असे संस्थेने मला कळविले, तेव्हा पत्रासोबत विषयांची एक यादीही जोडली होती. मधुमेह, रक्तदाब, डोळ्यांची निगा, दातांची निगा. मी त्यांतला एकही न घेता लघवीच्या जंतुसंसर्गाचा विषय कळविला. एका शिक्षिकाबाईंनी हलक्या आवाजात विचारले, "मॅडम, मुली आणि वडीलमंडळी एकत्र बसणार आहेत. चालेल ना?" मी म्हटले, चालवून घेऊ. या दुखण्याचे निम्मे नुकसान संकोचामुळेच होते. स्मरणिकेसाठी हे लिहून देताना, सभेत जे बोलता आले नाही तेही मी यात घातले आहे. वाचताना कोणी आपल्याकडे पाहत नसते, त्यामुळे वाचणे सोपे जाते.

आधी स्वतःची हकीकत सांगते. १९७९ साली मी दहावीत होते. गावात हायस्कूल नव्हते, म्हणून एस.टी.ने जावे लागे. आमच्या शाळेत मुलींसाठी एक मुतारी होती. तिला पाणी नव्हते, दाराला आतून कडी नव्हती, आणि पुढे कोणीतरी घाण केली म्हणून तिला बाहेरून कुलूप लागले. किल्ली शिपाईमामांकडे. पंधरा वर्षांची मुलगी चारचौघांदेखत शिपाईमामांकडे ती किल्ली मागेल का, तुम्हीच सांगा. आम्ही मुलींनी आपसांत एक तोड काढली होती. सकाळच्या चहानंतर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. साडेनऊला घर सोडायचे आणि सहाला परत आल्यावर आधी परसात धावायचे. आम्हांला त्यात काही वावगे वाटत नसे. उलट ज्या मुलीला मधेच जावे लागे तिलाच आम्ही हसत असू.

प्रिलिमच्या आदल्या आठवड्यात मला हुडहुडी भरून ताप आला. उलट्या सुरू झाल्या, उजव्या कुशीत दुखू लागले. हिवताप समजून तीन दिवस गोळ्या झाल्या. चौथ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांनी पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या खाली, हाताने हलकेच ठोकले आणि मी किंचाळले. त्यांनी विचारले, "शाळेत लघवीला जातेस का?" आईला तो प्रश्न अगदी विचित्र वाटला. मी मान हलवून नाही म्हटले. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. नऊ दिवस दवाखान्यात काढले आणि प्रिलिम हुकली. बोर्डाची परीक्षा हाती लागली म्हणून आज मी तुमच्यापुढे डॉक्टर म्हणून उभी आहे. माझ्याच बाकावर बसणाऱ्या मुलीलाही वरचेवर हाच त्रास होई. "शाळेत जाऊन आजार आणायचा तर घरीच राहिलेली बरी," असे म्हणून तिच्या वडिलांनी तिचे नाव काढले. गणितात ती माझ्या पुढे होती.

आता शास्त्राकडे वळू. आपली दोन मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातील जवळजवळ सर्व परत रक्तात घेतात. उरते ती दीड लिटरच्या आसपास लघवी. ती दोन बारीक मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते, तेथे साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते. या रोगाचे जंतू मात्र बहुधा उलट्या दिशेने प्रवास करतात. ते बाहेरून शिरतात आणि वर चढतात.

ते येतात कोठून? बहुतेक वेळा आपल्याच आतड्यांतून. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत एक जंतू शोधून काढला. त्याच्याच नावावरून त्याला आज एशेरिशिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, म्हणतात. हा जंतू प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात असतो आणि तेथे तो आपला शत्रू नाही. दुसऱ्याच्या घरात शिरला की मात्र तो उपद्रव करतो. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांपैकी सुमारे चारांत तीन या एकट्या जंतूचे असतात. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात. त्या धाग्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो, म्हणून नुसत्या लघवीच्या धारेने तो सहज वाहून जात नाही. तरीही ही धार हेच आपले मोठे संरक्षण आहे. जे अजून चिकटलेले नाहीत ते तिच्याबरोबर निघून जातात.

येथे थोडे गणित करू, विद्यार्थ्यांना आवडेल. प्रयोगशाळेत सर्व काही अनुकूल असेल तर हा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. शाळा दहा ते पाच, म्हणजे सात तास, म्हणजे एकवीस वेळा दुप्पट. एका जंतूचे वीस लाखांवर जंतू होतात. शरीरात त्याला इतकी मोकळीक मिळत नाही हे खरे, लघवीत तो सावकाश वाढतो. पण पाणी न पिता सात तास कोंडलेली लघवी म्हणजे त्याला दिलेला वेळ, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

स्त्रियांना हा त्रास जास्त का होतो, याचे उत्तर चारित्र्यात किंवा अस्वच्छतेत शोधू नका. ते शरीराच्या रचनेत आहे. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटर. शिवाय स्त्रीच्या मूत्रमार्गाचे तोंड गुदद्वाराच्या जवळ असते. जंतूला पल्लाच कमी पडतो. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. तेव्हा सुनेला किंवा मुलीला उन्हाळी लागली म्हणून तिच्याकडे संशयाने पाहणाऱ्या सासूबाईंनी आपले स्वतःचे तरुणपण आठवून पाहावे. सभेत या वाक्यावर मागच्या रांगेत हशा पिकला. पुढच्या रांगेत पिकला नाही.

उन्हाळी हा आपला जुना शब्द. लघवीला जळजळ, वरचेवर जावेसे वाटणे, गेल्यावर चारच थेंब होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ, कधी लालसर. ही मूत्राशयापुरती मर्यादित असलेल्या संसर्गाची लक्षणे. "उष्णता वाढली" असे म्हणून आपण धण्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, सातूचे पाणी, शहाळे देतो. देऊ नये असे मी म्हणणार नाही. त्या निमित्ताने पाणी पोटात जाते आणि जळजळ कमी होते. पण जंतू मारण्याचे काम ही पेये करीत नाहीत. एक-दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे. आणि थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या यांपैकी काही सुरू झाले तर एक दिवसही थांबू नये. तो संसर्ग मूत्रपिंडाकडे चढल्याचा इशारा असतो. गरोदर स्त्री, लहान मूल, मधुमेहाचा रोगी आणि पुरुष यांनी साध्या जळजळीलाही घरी उपचार करीत बसू नये.

लहान मुलांविषयी थोडे अधिक सांगते, कारण ती बोलून दाखवीत नाहीत. तान्ह्या मुलाला जळजळ सांगता येत नाही. त्याला फक्त ताप येतो, ते दूध सोडते, किरकिर करते. सर्दी नाही, खोकला नाही आणि ताप मात्र आहे, अशा मुलाची लघवी तपासून घ्यावी. काही मुलांत मूत्राशयातील लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जाण्याचा जन्मजात दोष असतो. तो वेळीच कळला नाही आणि संसर्ग पुन्हापुन्हा झाला तर मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. सुंता झालेल्या मुलग्यांत पहिल्या वर्षी हा संसर्ग कमी आढळतो असे अभ्यासांत दिसून आले आहे. पण म्हणून आपल्या मुलाला तो होणारच नाही असे धरून चालू नका. आणि एक गोष्ट पालकांना माहीत नसते. बद्धकोष्ठ असलेल्या मुलांना हा त्रास वारंवार होतो. मलाने भरलेले आतडे मूत्राशयाला दाबते आणि ते पुरते रिकामे होत नाही. मैद्याची बिस्किटे कमी करून भाजी, फळे आणि पाणी वाढविल्याने कित्येक मुलींची "लघवीची तक्रार" बरी झालेली मी पाहिली आहे.

गरोदरपणात काहींच्या लघवीत जंतू असतात आणि त्रास मात्र काहीच होत नाही. शंभरांत दोन ते सात जणींत असे आढळते. एरवी त्रास नसताना सापडलेल्या जंतूंना औषध देण्याचे बहुधा कारण नसते. गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी. उपचार न केल्यास अशांपैकी बऱ्याच जणींना पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, आणि मूल दिवसांआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याची भीती वाढते. म्हणून पहिल्या काही महिन्यांतच लघवीचे कल्चर करून घ्यावे. "मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?" असे म्हणू नये. घरातील वडीलधाऱ्यांनीही तो खर्च फुकट समजू नये.

वृद्ध पुरुषांत प्रोस्टेटची गाठ वाढून लघवी अडते आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. मूतखडा, मधुमेह, इस्पितळात घातलेली नळी ही आणखी काही कारणे. नळीविषयी एवढेच सांगते की ती जरुरीपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नये. ती कधी काढणार हे नातेवाइकांनी न भिता विचारावे. पाळी गेलेल्या स्त्रियांत आतली त्वचा कोरडी व नाजूक होते आणि संसर्ग वाढतात. त्यावर डॉक्टर आतून लावण्याचे मलम देतात, त्याचा चांगला उपयोग होतो. या वयातील आमच्या भगिनी मात्र ते विचारायलाच येत नाहीत.

आता प्रतिबंध. पहिला उपाय पाणी. हा आजीबाईचा सल्ला आहे असे समजून तो सोडून देऊ नका, त्याची रीतसर परीक्षा झाली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. निम्म्या जणींना रोज नेहमीपेक्षा दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांच्यातील संसर्गाचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळजवळ निम्मे राहिले. औषधाचा खर्च शून्य. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी प्यावे, हे साधे माप. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असून डॉक्टरांनी पाणी मोजून दिले आहे, त्यांना हे लागू नाही.

दुसरा उपाय, वेळेवर जाणे. जागेपणी तीन-चार तासांतून एकदा जावे आणि घाई न करता मूत्राशय पुरते रिकामे करावे. याबाबत आपल्या घरांतील एक सवय सांगितली पाहिजे. मगरिबचा वजू इशापर्यंत टिकावा म्हणून आपल्याकडील कितीतरी वृद्ध स्त्रिया लघवी दाबून बसतात. गुडघे दुखतात, न्हाणीघर लांब, थंडीत पुन्हा वजू नको वाटतो, हे सारे मला समजते. पण लघवी दाबून नमाज पढणे हे नापसंतच मानले गेले आहे. घरातल्या मुलासुनांनी आजीला कोमट पाण्याचा तांब्या आणून दिला तर तिला दाबून बसावे लागणार नाही. रमजानमध्ये दिवसभर पाणी वर्ज्य असते, म्हणून इफ्तारपासून सहेरीपर्यंतच्या वेळेत ते वाटून प्यावे. सहेरीला एकदम तांब्याभर पिऊन भागत नाही. ज्यांना मूतखडा आहे किंवा संसर्ग वारंवार होतो, त्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटावे. गरोदर आणि आजारी माणसाला रोजाची सवलत आहेच. ती घेण्यात कमीपणा नाही.

तिसरे, धुण्याची दिशा. पाण्याने स्वच्छ होण्याची आपली रीत चांगली आहे, पण हात कोणत्या दिशेने फिरतो हे मुलींना कोणी शिकवीत नाही. नेहमी पुढून मागे. मागून पुढे हात आणला की आतड्यातला जंतू आपणच मूत्रमार्गाच्या दाराशी आणून ठेवतो. मुलगी तीन-चार वर्षांची झाली की आईने हे शिकवावे. शिकवायला दोन मिनिटे लागतात. आत साबण, अत्तराची फवारणी, जंतुनाशक द्रावण काही वापरू नये. त्याने तेथील उपकारक जंतू मरतात आणि उपद्रवी जंतूंना जागा मोकळी होते. आतले कपडे सुती, सैल आणि उन्हात वाळवलेले असावेत. लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्यांखाली दडपून वाळत घालतात, ते दमटच राहतात. लग्न झालेल्या भगिनींनी पतिपत्नीच्या संबंधानंतर लवकरच लघवीला जाऊन यावे. नव्याने लग्न झालेल्या मुलींना हा त्रास पुष्कळदा होतो. त्यात घाबरण्यासारखे किंवा कोणाला दोष देण्यासारखे काही नाही.

औषधाच्या बाबतीत मी थोडी रागावून बोलले होते, ते तसेच ठेवते. एका बाईंनी जुन्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवला होता. जळजळ झाली की तो फोटो दुकानात दाखवायचा, चार गोळ्या घ्यायच्या, दोन खाऊन बरे वाटले की दोन पुढच्या वेळेसाठी डब्यात. असे दोन वर्षे चालले. माझ्याकडे आल्या तेव्हा कल्चरच्या अहवालात तोंडाने घ्यायचे जवळजवळ प्रत्येक औषध निरुपयोगी ठरलेले होते. सुया घेण्यासाठी त्यांना आठवडाभर इस्पितळात राहावे लागले. अर्धवट मारलेले जंतू शहाणे होतात असे म्हणण्याची पद्धत आहे. खरे म्हणजे औषधाने कमकुवत जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि पुढची वीण त्यांचीच होते. भारतातील मोठ्या इस्पितळांत तपासलेल्या ई. कोलाय जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे एके काळचे हुकमी औषध आज निम्म्याहून अधिक वेळा चालत नाही. तेव्हा औषध डॉक्टरांनी सांगितलेलेच, सांगितले तितकेच दिवस. कधी ते तीनच दिवसांचे असेल, कधी चौदा दिवसांचे. शेजारणीचे औषध घेऊ नका, आणि आपले तिला देऊ नका.

कल्चरसाठी लघवी कशी द्यावी हेही पुष्कळांना सांगितले जात नाही आणि मग अहवाल चुकतो. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच घ्यावी, घरातली औषधाची धुतलेली बाटली चालत नाही. जागा पाण्याने धुवावी. पहिली धार सोडून द्यावी, मधली बाटलीत धरावी, झाकणाला आतून बोट लावू नये. तासाभरात पोहोचवावी, नाहीतर बर्फाच्या डब्यात ठेवून न्यावी. औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वी नमुना द्यावा.

शेवटी शाळेविषयी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगळी स्वच्छतागृहे असावीत असे स्पष्ट म्हटले आहे. इमारत उभी राहते, पण पाणी, कडी, दिवा, कचऱ्याची झाकणाची बादली आणि रोज साफ करणारे माणूस यांवाचून ती इमारत माझ्या शाळेतील त्या कुलूपबंद मुतारीसारखीच राहते. केरळमधील शाळांनी २०१९ साली पाण्याची घंटा सुरू केली. दिवसातून ठरावीक वेळी घंटा होते आणि सारी मुले पाणी पितात. आपल्या शाळांनीही ती सुरू करावी, असे मी व्यासपीठावरूनच सुचविले. पण घंटा वाजवून पाणी पाजायचे आणि स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसायचे, तर मुली ते पाणी झाडांना घालतील. शिक्षकांनीही "आत्ताच मधली सुट्टी झाली ना?" म्हणून मुलीला खाली बसवू नये. प्रत्येकीच्या मूत्राशयाचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही.

भाषणानंतर प्रश्न तोंडी न विचारता चिठ्ठीवर लिहून द्यावेत असे मी सुचविले होते. सव्वीस चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे वर येऊन गेली आहेत. क्रॅनबेरीच्या गोळ्यांविषयी दोघींनी विचारले होते. ज्यांना संसर्ग वारंवार होतो त्यांच्यापैकी काहींना त्याचा थोडा उपयोग होतो असे दिसते, पण गोळ्या महाग आहेत आणि त्याने चालू असलेला संसर्ग बरा होत नाही. एका मुलाने विचारले होते की मुलांच्या मुतारीला दारच नाही, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे, मुलगेही कोंडून धरतात. आणि एका चिठ्ठीवर, वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यावर, एवढेच होते: "आमच्या संडासाची कडी मे महिन्यापासून तुटली आहे. एक जण बाहेर दार धरून उभी राहते. कोणाला सांगायचे?" खाली नाव नव्हते. मी ती चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की सुताराकडून कडी बसवून घेतली आहे, नळाचे काम अजून बाकी आहे.